तपकिरी हातमोज्यांची दुसरी जोडी

बाई,

लेक उद्या हिमाचलात ट्रेकला निघाली आहे. सकाळपासून आमच्या डोंबिवलीच्या घरात पलंगावर तिचा पसारा पडला आहे. मुठीत मावेल एवढं जॅकेट, हातात घेतली तर वजनच लागत नाही अशी स्लीपिंग बॅग, आणि हातमोजे तर तीन तऱ्हेचे, आतले, मधले, वरचे. मी जवळ गेले तर म्हणाली, "आई, तू हात नको लावूस हं. माझी सॅक मी भरणारे." मी हात लावला नाही. गॅलरीत येऊन बसले आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं उलटून गेली, तेव्हा घाई तशी कुणालाच नाही. पण तुमच्या हातमोज्यांवरून मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते, आणि ते अजून तसंच पडून आहे. वाईट वाटतं का म्हणाल, तर नीटसं सांगता येत नाही. जाड लोकरी हातमोजा घालून एखादी वस्तू चाचपावी तसं काहीतरी वाटतं. वस्तू आहे हे कळतं, तिची धार कळत नाही.

आमच्या वेळी माझी सॅक मी भरते असं म्हणायची सोयच नव्हती. तुमचा नियम होता, आपली सॅक आपण भरायची नाही, जोडीदारणीची भरायची. ट्रेकच्या आधीच्या रविवारी सकाळी, सगळं ठाणं टीव्हीसमोर हात जोडून बसलेलं असताना, आम्ही आठ जणी शाळेतल्या शिवणाच्या वर्गात जमायचो. शाळा सोडून आम्हाला दोन-तीन वर्षं झालेली, कुणी कॉलेजात, कुणी नोकरीला, पण तुमच्यापुढे पुन्हा नववीतल्याच. जमिनीवर चादरी अंथरलेल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून वर्षभर साठवलेल्या, त्यात एकेक कपडा घालून गाठ मारायची. दारामागे रद्दीवाल्याकडून मागून आणलेला आकडीचा काटा टांगलेला. अकरा किलोच्या वर सॅक गेली की तुम्ही ती चादरीवर उलटी करायच्या. प्रत्येकीच्या हातात तुमच्या अक्षरातली यादी, आणि एकेका वस्तूपुढे खूण करून खाली भरणारीची सही. "स्वतःची सॅक भरताना माणूस स्वतःला सूट देतो," तुम्ही म्हणायच्या. एकदा मी काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळताच खूण केली होती, तेव्हा सगळ्यांसमोर मला उभं केलंत. "तिकडे तिची काडी पेटली नाही तर तू इथून फुंकर घालणारेस का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझे कान घरी पोचेपर्यंत गरम होते. खोट्या खुणेची तुम्हाला किती चीड आहे ते मला त्या दिवशीच कळलं होतं. म्हणजे कळलं नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

हिमालयात जायचं ठरलं तेव्हा परवानगी मागायला तुम्ही आमच्या कोळीवाड्यातल्या घरी आलात. आईला वाटलं, मी काहीतरी उपद्व्याप केलाय. तुम्ही खाटेवर बसलात आणि आईने, नौपाड्याच्या बाई म्हणून, तुमच्यापुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. तुमचं लक्ष मात्र चुलीकडे. तव्यावर लसूण घालून जवळा परतत होता. "तो काय वास येतोय?" तुम्ही विचारलंत. आई ओशाळली. "सुकाच जवळा हाय बाय, तुमाला नाय चालाचा." "कोण म्हणतं?" तुम्ही म्हणालात, आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या जवळ्याच्या चटणीशी खाल्ल्यात. बोटं चाटलीत. भाऊ-वहिनीच्या घरात राहता, तिथे अंडंसुद्धा आणता येत नाही, हे आईला सांगताना तुम्ही अगदी शाळकरी मुलीसारख्या हळू आवाजात बोललात. आईने त्यानंतर माझ्या जाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. माझ्यापेक्षा तिचा जीव तुमच्यावरच बसला.

मग तो रविवार. तुमची सॅक माझ्या वाट्याला आलेली. यादीतली एकेक वस्तू मी भरत होते. हातमोजे, दोन जोड. दोन्ही तुम्हीच विणलेले, तुमच्या आईचा जुना स्वेटर उसवून, त्या तपकिरी लोकरीचे. एक जोडी वापरायची, एक सॅकच्या डाव्या खिशात जादा. आणि माझ्या पिशवीत आईने दिलेला डबा, गच्च भरून जवळ्याची चटणी, झाकणाभोवती कापडाची पट्टी बांधलेली. "वर नेऊन बायला खिलव," आईने बजावलं होतं. मला तुम्हाला चकित करायचं होतं. डबा घातला तर काटा अकराच्या पुढे गेला. मी टॉर्चचे जादा सेल काढून पाहिले, परत ठेवले. मग हातमोज्यांची जादा जोडी काढली. काटा बरोबर अकरावर आला. तुम्हाला आज हसू येईल, पण मला त्यात धोका दिसलाच नाही. आम्ही खाडीकाठची माणसं, पाण्याची भीती आम्हाला जन्मापासून कळते. तुमचा प्रत्येक कपडा मी दोन-दोन पिशव्यांत बांधला होता, डब्याला तर तीन. थंडी मात्र आम्ही पाहिली होती कुठे? ठाण्यात जानेवारीत चार दिवस स्वेटर निघतो, तोही हौसेनं. एक जोडी पुष्कळ झाली, असं मला मनापासून वाटलं. मी यादीवर खूण केली, खाली सही केली. तुम्ही सॅक काट्याला लावलीत. "अकरा! बघा गं, असं भरतात." त्या वाक्याने मी कल्याणला गाडीत बसेपर्यंत फुगलेली होते.

खिंडीच्या दिवशी पहाटे निघालो. वर ताजं बर्फ पडलेलं. आमच्यातली एक मुलगी उताराला घसरली आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत हात बर्फात घालून तिला धरून ठेवलंत, वाटाड्या दोरी घेऊन येईपर्यंत. तिला वर ओढलं तेव्हा तुमच्या दोघींचेही हातमोजे ओले गच्च झाले होते. बाकीच्या खूप पुढे गेल्या होत्या आणि तिची जादा जोडी सकाळीच भिजली होती, म्हणून माझी जादा जोडी तुम्ही तिला द्यायला लावलीत. मग माझ्याकडे वळलात. "माझी डाव्या खिशात ना गं?" मी तुमच्यासमोर उभी आहे. अजूनही तिथेच उभी आहे असं कधीकधी वाटतं. तुम्ही सॅक उतरवता, डाव्या खिशात हात घालता आणि डबा बाहेर काढता. कापडाची पट्टी बघता, नाकाजवळ नेता. मग माझ्याकडे बघता. रागावून नाही. गणिताचं उत्तर जुळल्यावर मुलं बघतात तसं. "काय झालं?" वाटाड्याने विचारलं. "काही नाही. सकाळी ओढ्यावर पाणी भरताना पडले वाटतं हातमोजे," तुम्ही म्हणालात, आणि डबा परत खिशात ठेवलात. हातांत पायमोजे चढवलेत, पण तेही लवकरच भिजले. खाली तळावर पोचायला आम्हाला दुपार झाली. संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना चटणी वाटलीत आणि स्वतः डाव्या हाताने खाल्लीत. उजव्या हाताची दोन बोटं तोवर मेणासारखी पांढरी पडली होती.

बोटं राहिली, पण त्यांची जाणीव परत आली नाही. तर्जनी आणि मधलं बोट, शिवणाच्या बाईंची तीच दोन. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी सहज भेटायला आले होते. तुम्ही फळ्याजवळ उभ्या राहून मुलींना हेम घालून दाखवत होतात आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपके उमटत होते. सुई बोटात घुसल्याचं तुम्हाला कळलंच नव्हतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, "बाई, रक्त!" तुम्ही बोट बघितलंत आणि म्हणालात, "हो का?" एवढंच.

आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली मासळी बाजारातली गोष्ट. ट्रेकहून आल्यावर आईला माझ्या ट्रंकेत ती तपकिरी जोडी सापडली होती. मी म्हटलं, बाईंनी दिली. आईला कोण आनंद! बर्फाच्या पेटीत हात घालून तिची बोटं दिवसभर बधिर असायची. तुमचे हातमोजे घालून, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ती बसायला लागली. तुम्ही बाजारातून चालला होतात, मी आईशेजारी पाटावर बसलेले. आईने तुम्हाला हाक मारली आणि दोन्ही हात उंच करून दाखवले. "बाय, तुमचे मोजे लय कामाला आले गो! बर्फान हात घालाचा म्हंजे जीव जातो." तुम्ही थांबलात. हातमोज्यांकडे बघितलंत, ते तुम्हीच विणलेले. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. खरं तर यावं असंच वाटत होतं. "बसतात ना हाताला नीट?" तुम्ही आईला विचारलंत. "अंगठ्याला सैल असतील तर सांगा, दोन टाके घालून देईन." त्या बोटांनी तुम्ही टाके घालणार होतात. आई तुम्हाला चार बोंबील कागदात बांधून द्यायला लागली. तुम्ही हसून नको म्हणालात आणि नौपाड्याच्या दिशेने चालत गेलात. मी पाटावरून उठलेसुद्धा नाही.

नंतर मी दर शनिवारी तुमच्याकडे यायला लागले. लग्न होऊन डोंबिवलीला आले तरी शनिवार सोडला नाही. लोक म्हणायचे, काय गुरुभक्ती आहे पोरीची. मी यायचे, आठवड्याच्या सुया ओवून ठेवायचे, रंगाप्रमाणे दोरा घालून उशीला टोचायचे, चहा पिऊन निघायचे. तुम्ही कधी काही विचारलं नाही. मी कधी काही सांगितलं नाही. सात-आठ वर्षं आपण दोघी एका खोलीत बसून दुसऱ्याच कशावर तरी बोलत होतो. एकदाच, तुमच्या आजारपणात, मी तुमच्या बोटांना तेल लावत होते आणि तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "त्या दिवशी गडबडीत विसरली असशील तू. होतं गं असं." तुम्ही दार उघडून धरलं होतं. त्यातून मला कुठूनही बाहेर पडता आलं असतं. मी म्हटलं, "हो बाई, विसरले." तुम्ही मान हलवलीत. थोड्या वेळाने म्हणालात, "चटणी मात्र फार छान होती." पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा तुमच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. तुम्हाला नेलं तेव्हा मी रडले नाही. सगळ्या रडत होत्या, मी सुयांची उशी हातात धरून उभी होते. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तपकिरी जोडी मिळाली, धुऊन, दुधाच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. तेव्हाही नाही.

आता आतून हाक आली. "आई, यादी वाच ना, मी खूण करते." मी आत गेले. म्हटलं, खुणा मी करते, तू वस्तू दाखव. ती वैतागली, पण दाखवायला लागली. हातमोज्यांपाशी आल्यावर मी सॅकमध्ये हात घातला, आतले, मधले, वरचे, एकेक बाहेर काढून पाहिले आणि परत ठेवले. मग पुन्हा काढले. "काय करतेस आई? आहेत ना ते!" मी कपाटातून तपकिरी जोडी आणली. तिने ती नाकाशी नेली आणि हसली. "ई, मासळीचा वास येतोय अजून. आणि भिजले तर दिवसभर वाळणार नाहीत हे. कोणाचे आहेत?" मी म्हटलं, "माझ्या बाईंचे. त्यांचे हातमोजे एकदा ट्रेकला ओढ्यात पडले होते, त्यातले." बाई, तुम्ही वाटाड्याला सांगितलेलं खोटं मी आज माझ्या लेकीलाही सांगितलं, आणि तेही जुळत नाही. ओढ्यात पडलेले हातमोजे माझ्या कपाटात कसे, हे तिने विचारलं नाही. तिला घाई होती.

ती झोपायला गेली की हे पत्र मी त्या जोडीसोबत पिशवीत घालून गाठ मारणार आहे. तुमच्या नौपाड्याच्या घराच्या जागी आता सात मजले उभे आहेत, पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवू? पण लिहायचं होतं ते एवढंच. त्या रविवारी खूण केली, तेव्हा हातमोजे माझ्या मांडीवर होते. मी विसरले नव्हते, बाई.