टेबलाखालचा ठेका

ता. ८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शिवणाची गडबड उरकली असेल असं धरून माझं रडगाणं लिहिते. बालवाडीत मी फार हुशार बाई समजली जाते, निदान माझ्याकडून तरी. वॉकर ढकलत येणारा मुलगा आमच्या गोलात असतो. न बोलणारी मुलगी चित्र दाखवून रोजचं गाणं निवडते. राहिली एकटी शिंपली, वय वर्षं चार. गाणं सुरू झालं की ती कानांवर हात घट्ट दाबून, अंग मिटून टेबलाखाली जाते, म्हणून मी ठेवलेलं हे नाव.

तिच्यासाठी मी चित्रांचं वेळापत्रक रंगवलं, सशाची टोपी घालून नाचले, शेवटी पितळी घंटा आणली. घंटेनंतर ती आणखी आत सरकली. मोठ्या बाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत ती सगळ्यांत आली नाही तर गाण्याच्या आधीच तिला घरी न्यायला आईला सांगायचं. रोज तिच्या हातात दप्तर देऊन तिला दारात उभी करणं माझ्याच्याने होणार नाही, ताई. काहीतरी सुचव.

तुझ्या धाकात वाढलेली,
धाकटी

ता. १४ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझी कीव आली. तू गायला लागलीस की घरातली मोठी माणसं गच्चीवर जायची, या पोरीला निदान टेबल तरी मिळालं. दोन पानं भरून तुझी टोपी आणि तुझी घंटा. ती टेबलाखाली काय करते, याची एक ओळ नाही. गिऱ्हाइकाचं माप न घेताच कापड कापलंस की गं. आधी जाऊन बघ.

माया आहेच, गुडघे सांभाळ.

तुझी,
ताई

ता. ३१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले टेबलाखाली. जाणं जमलं, निघणं जमेना. माझी कंबर टेबलाच्या दोन पायांच्या मध्ये अडकली आणि मुलांनी माझी वाट न बघता गाणं सुरू केलं. माझा आवाज नव्हता म्हणून की काय, शिंपलीने कानांवरचे हात काढले. समोर सगळ्यांचे पाय आपटत होते आणि ती तळहाताने फरशीवर त्यांचाच ठेका धरत होती, एकही चूक नाही. मीही धरला. माझा चुकला, तेव्हा तिने माझा हात धरून नीट आपटून घेतला.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. बाई कुठे आहेत असं त्यांनी विचारताच मुलांनी टेबलाखाली बोटं दाखवली. त्या वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मुलगी गाण्याला थांबेल, गोल टेबलाभोवती करा. मला बाहेर ओढायला त्यांना शिपाईमामांना बोलवावं लागलं.

आज तिच्या आईला सांगितलं की तुमची मुलगी पहिल्या दिवसापासून भाग घेत होती, मीच वाकून पाहिलं नाही. सांगताना फार लाज वाटली. आईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि टेबलाखाली मुलीशेजारी जाऊन बसली.

लोभ असू दे, टोमणे थोडे कमी केलेस तरी चालेल.

तुझी,
धाकटी