अपत्ये : दोन

मी, मनुबाई कृष्णात खोत, वय चाळीस, काम विड्या वळणे, राहणार निपाणी. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, मालक म्हणते; कायद्याला लागतं म्हणून घेतलं. पोटातल्या गाठीनं अंग खंगलंय, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीनं हे लिहून ठेवते.

१. दोन खोल्यांचं घर वडिलांनी दिलेल्या जागेत माझ्या मजुरीतून बांधलं. आधी घर, मग मूल, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. शहात्तरच्या उन्हाळ्यात कौलं चढली. मालकांनी हयात असेतोवर त्यात राहावं. विकू नये.

२. तळहाताएवढा चांदीचा पाळणा आहे. मूल झालं की सौंदत्तीला वाहायचा नवस होता. आता वाहू नये. देवीचं काही चुकलं नव्हतं, पण माझं बी न्हाय. मोडून सरकारी दवाखान्यात बाळंतिणींना चादरी द्याव्यात.

३. जाऊ जयाबाईला माझी हिरवी इरकली द्यावी. तिच्या तिसऱ्याच्या बारशाला तिनं मला पाळण्याला हात लावू दिला नाही. "लांबनंच बघ गं," म्हणाली. साडी नेसताना ते आठवावं, म्हणूनच देते.

४. तीन वर्षांमागं रेशनकार्ड शोधताना मालकांच्या ट्रंकेत एक दाखला सापडला. सप्टेंबर १९७६, नसबंदी शिबिर, नाव मालकांचं. अपत्ये : दोन. खाली जयाबाईच्या थोरल्या दोघांची नावं. मालक शाळामास्तर. तेव्हा आणीबाणीत मास्तरांना शिबिराला माणसं आणायची सक्ती होती, पगार अडकले होते. एक माणूस कमी पडला, तर हेच जाऊन बसले. भ्यायले होते, ते मला कळतं. पण पुढं सासूबाई दुसरं लग्न कर म्हणून हटून बसल्या, तेव्हा हे म्हणाले, "मला मनूच पुरे." गल्लीनं वाहवा केली. मी पाया पडले. तो नमस्कार मला परत पाहिजे.

५. मी कधी विचारलं नाही. विचारून पुन्हा त्याच घरात भाकरी थापायची होती. लई राग हाय. आजारपणात त्यांनीच मला न्हाऊ घातलं, तेही खरं. मालकांच्या पश्चात घर दाखल्यावरच्या दोघांना द्यावं. पोरांचा काय दोष?

६. हे पत्र आणि दाखला शेजारच्या भरमूकडे ठेवली आहेत. मी गेल्याचं कळताच त्यानं दोन्ही घेऊन यावं. भाऊबंद जमले की मालकांनी दाखला मोठ्यानं वाचावा आणि म्हणावं, "हिच्यात काही कमी न्हवतं." ते म्हणेपर्यंत मला उचलू नये.

मला फार वेळ बसवत नाही म्हणून गल्लीतल्या मारुतीरावांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं, शब्द माझेच आहेत.

(सही) मनुबाई कृष्णात खोत

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली :
१. भरमू सिद्धू कांबळे
२. मारुतीराव बाळाप्पा देसाई

निपाणी, ता. ९ मार्च १९८६