पोळ्यांच्या मावशी

आई, काल धायरी फाट्यावरच्या तुझ्या हॉटेलात जाऊन आले. तुझं म्हणते, पण तू तिथे पोळ्या करायचीस एवढंच. आता काचेचं दार आहे, एसी आहे, मेन्यू मोबाइलवर बघायचा. बटाट्याची भाजी मात्र तीच, मोहरी जरा जास्त पडलेली. कधी उरली तर तू ती डब्यातून आणायचीस आणि मी बोटं चाटून खायचे.

मी शाळेत असताना फाट्यावर नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतली मुलं तिथे भाड्याने राहायला आली. संध्याकाळी कंपनीची बस त्यांना सोडायची, आणि ती थेट तुझ्या हॉटेलात. त्यांच्या ताटात तव्यावरची पोळी पडायची, मी घरी सकाळची खायचे. एकदा मी विचारलं, "त्यांना गरम आणि मला गार का?" तू पायांना तेल चोळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुला भूक लागलीय की भांडायचंय?" मला भांडायचंच होतं. पण तू भिंतीला टेकून तशीच झोपलीस.

काल शेजारच्या टेबलावर पन्नाशीचा एक माणूस होता, कॉलेजातल्या मुलीला घेऊन आलेला. मालकाची सून पाणी ठेवायला आली तेव्हा त्याने विचारलं, "अहो, इथे पोळ्यांच्या मावशी होत्या. येतात का अजून?" ती म्हणाली, "त्या जाऊन बरीच वर्षं झाली की." त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग मुलीला सांगू लागला, "मला कावीळ झाली होती ना, तेव्हा मावशी माझ्यासाठी वेगळी मुगाची खिचडी करायच्या. समोर बसून खायला लावायच्या. म्हणायच्या, तुझा कॉम्प्युटर कुठे पळून जात नाही, नीट चाव."

"म्हणजे आजीपेक्षा डेंजर!"

"आजी लांब होती गं. इथे मला त्याच होत्या."

माझा घास हातातच राहिला. समोर बसून? तू? मला आठवतं ते झाकून ठेवलेलं ताट. त्याला एका काविळीत तू एवढी मिळालीस. मला तर गोवर आणि टायफॉइड दोन्ही झाले होते. खाडा केला की पगार कापायचे, हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्याने हेवा कमी होत नाही.

मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "तुम्हीही जुन्या का इथल्या? मावशी आठवतात?" ती माझी आई, हे ओठांवर आलं होतं. पण मग त्याने हात जोडले असते, आणखी आठवणी सांगितल्या असत्या, आणि मला त्या सगळ्या ऐकाव्या लागल्या असत्या.

"हो. मीही इथेच जेवायचे," मी म्हणाले.

"मग तुम्हालाही ओरडायच्या?"

"छे! मला कधीच नाही. दुपारी काम उरकलं की माझी वेणी घालून द्यायच्या."

साफ खोटं. त्याचा चेहरा जरा उतरला. "असं होय," म्हणाला आणि खाली बघून जेवू लागला.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. मला फार बरं वाटलं, आई.