हळूबाईंच्या उंदरिणी आणि मी लावलेली ट्यूब

चि. सौ. धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांत मिसळलेला थोडा राग. (फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र.) तब्येत कशी आहे? ‘ठणठणीत’ असं उत्तर नकोय मला. पहिल्या खेपेलाही सातव्या महिन्यात तू ठणठणीतच होतीस, आणि दोन दिवसांत आपली चिमणी काचेच्या पेटीत होती. आता पुन्हा सातवा लागलाय. मेहुण्यांना नमस्कार, चिमणीला पापा.

माझं म्हणशील तर नोकरी शाबूत आहे, हेच नवल. आमच्या संशोधन संस्थेतली वीज, नळ, पंखे माझ्याकडे, हे तुला ठाऊकच आहे. तिसऱ्या मजल्यावर उंदरांची खोली आहे. तिथल्या मुख्य बाईंना सगळे हळूबाई म्हणतात, कारण दार हळू लावा, हळू चाला, हळू बोला, याखेरीज त्यांच्या तोंडून काही निघतच नाही. (मी एकदा सुगंधी तेल लावून गेलो तर दारातूनच परत पाठवलं. गरोदर बायकांना वास सोसत नाही म्हणे. बायका म्हणजे उंदरिणी!) तर एका दुपारी तिथे डोकावलो. आत मिट्ट काळोख, कोपऱ्यात एक मिणमिणता लाल दिवा. म्हटलं, ट्यूब गेलीय आणि कोणी तक्रारही करत नाही, काय ही माणसं! शिडी लावून नवीकोरी ट्यूब बसवली. तीही पेटेना, तेव्हा हट्टाला पेटून वायर थेट जोडली, लख्ख उजेड पाडला आणि स्वतःवर खूश होऊन चहाला गेलो.

अगं, तो काळोख मुद्दाम केलेला, दिवे ठरल्या वेळीच लागतील असे घड्याळाला जोडलेले! उंदीर रात्रीचे जागतात, म्हणून तिथे आपल्या दिवसाची रात्र करून ठेवतात, म्हणजे माणसांना त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं. मी त्या अवघडलेल्या जिवांच्या ऐन रात्री ऊन पाडलं. जंतूंमुळे पोटात दाह झाला की पिल्लं वेळेआधी बाहेर पडतात. तो दाह शमवणारं औषध दिलं तर दिवस पुरे भरतील का, हे बाई बघत होत्या. (अर्ध्याजणींना औषध, अर्ध्याजणींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे खुद्द बाईंनाही शेवटपर्यंत सांगत नाहीत.)

मी कान धरून उभा राहिलो. वाटलं, आता तरी ओरडतील. छे! हा गट आता मोजायचा नाही, एवढंच म्हणाल्या. बाकीच्यांनी किती समजावलं, घटकाभर उजेड पडला तर कोणाला कळतंय? पण बाईंनी माझ्या ट्यूबसकट सगळं वर कळवलं आणि महिनोन् महिन्यांची मेहनत बाजूला सारून पहिल्यापासून सुरुवात केली. आपल्याच्याने झालं नसतं बुवा.

दुसऱ्या खेपेला मी त्या दाराशी पहारा दिला, कोणाला शिंकूही दिलं नाही. औषध मिळालेल्या बहुतेकींचे दिवस पुरे भरले. गुलाबी, वळवळणारी पिल्लं! मी, चाळिशी उलटलेला बाप्या, चक्क रडलो. धाकटे, मला तूच दिसत होतीस. हे औषध माझ्या बहिणीला कधी मिळेल, असं विचारलं, तर म्हणाल्या, उंदरीण म्हणजे बाई नव्हे. अजून कितीतरी वर्षं जातील, कदाचित मिळणारही नाही. खोटा धीर द्यायला जीभ वळली नाही त्यांची. अशा माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

तुझा,
दादा

ता. क. आई तुझ्याकडून काल परतली आणि घडाघडा बोलली. लघवीला जळजळ, अंगात कसकस, आणि ‘दादाला सांगू नको, उगाच घाबरतो’. मी बाईंना विचारायला गेलो. “आजच्या आज दवाखान्यात!” त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की उंदीरसुद्धा दचकले असतील.

आणखी एक. हे पत्र आईच्याच हाती धाडतोय. ती चपला काढणार नाही, खाली गाडी थांबवून आलीय. तिला बस म्हणू नकोस, चहा विचारू नकोस. मी घाबरलोय गं. नीघ.