साडेआठचं वाचन

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय धाकट्या,

तुला आणि घरात दोघींना खूप आशीर्वाद. चिमणीचा दात पडला म्हणे. तिला सांग, आत्याचाही एक हलतोय, बघू कोणाचा आधी येतो.

आपण एकाआड एक दिवस फोनवर बोलतो आणि हिला एकदम पत्र कशाला सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर बाबा शेजारच्या खुर्चीत असतात. शिवाय तू माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत "हो गं ताई, कळतंय मला" म्हणतोस आणि मग मला पुढचं बोलवत नाही. कागदाला ती सवय नाही. तेव्हा लिहिते. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

इथलं सगळं ठीक. बाबांच्या पायाचे टाके काढले. तीनच होते. डॉक्टर म्हणाले, जखम छान भरली, या वयात इतकी लवकर भरत नाही. बाबांनी त्यांना विचारलं, "कोणाची जखम?" डॉक्टर हसले. मीही हसले. आता सवय झालीये, जिथे इतर लोक हसतात तिथे आपणही हसून घ्यायचं. जेवण बरं आहे. फक्त भात ताटात एका कडेला सारून ठेवतात आणि अर्ध्या तासाने म्हणतात, मला कोणी वाढलंच नाही. माझे गुडघे तसेच. शेजारच्या मास्तरीणबाई दर मंगळवारी तासभर येऊन बसतात, तेव्हा मी बाजारात जाऊन येते. त्यांचे उपकार आहेत.

तू पाठवलेला नवा कॉम्प्युटर परवा आला. खोकं अजून उघडलं नाही. ते उघडण्याआधी तुला काही सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

त्या रविवारची, सव्वीस ऑक्टोबरची, गोष्ट तुला पडद्यापलीकडून दिसली तेवढीच ठाऊक आहे. जुन्या सिस्टीमला आता कोणी वाली उरला नाही, चोराचिलटांना दार सताड उघडं, बाबांचं पेन्शन त्याच मशीनवरून बघतेस ना, मग बदलायलाच हवी, हे तू मला सहा महिने सांगत होतास. बरोबरच होतं. मीच टाळत होते. तू सांगितलंस तशी वेगळ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल काढली, पडद्यावर आलेला आकडा तुला फोनवर वाचून दाखवला, आणि तू तिथे बसून आमच्या पडद्यावरचा बाण हलवायला लागलास. बाबा माझ्या मागे उभे होते. "कोण हलवतंय?" म्हणाले. मी म्हटलं, धाकटा. तर म्हणे, "तो शाळेतून आला का?"

मग निळा पडदा आला. काम चालू आहे, संगणक बंद करू नका. तू फोन ठेवलास, म्हणालास दोन-तीन तास लागतील, तुम्ही आपली कामं करा. बाबांनी ते वाक्य वाचलं आणि खुर्ची ओढून पहाऱ्याला बसले. मी झाडायला आले तर वायरपासून चार हात लांब थांब म्हणाले. टक्के वाढतील तसे मोठ्याने सांगायचे. "चौतीस. लिहून घे." मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. "एक्केचाळीस, अकरा वाजून दहा." तेही लिहिलं. शंभर होईपर्यंत जागचे हलले नाहीत. किती महिन्यांनी ते इतका वेळ एका कामावर नीट बसले होते! वेधशाळेत चौतीस वर्षं असेच बसत असतील, असं मला वाटून गेलं. तेवढी सकाळ मला खरंच छान गेली. हे तुला मी कधी सांगितलंच नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पडदा उघडला तो सगळा नवा, आणि तुझा प्रोग्राम उघडेना. या आवृत्तीवर चालत नाही, एवढंच म्हणे. कॉलेजात असताना तू त्यांच्यासाठी केलेला, निळ्या पडद्यावर तीन पांढऱ्या चौकटींचा. कमाल, किमान, पाऊस. बावीस वर्षं त्यांनी रोज सकाळी गॅलरीतला पारा बघून त्यात आकडे भरले. शेजाऱ्यांची नावं गेली, आईचं जाणं विसरले, मला कधी ताई तर कधी 'अहो बाई' म्हणायला लागले, पण साडेआठचं वाचन चुकलं नाही. तू संध्याकाळी बसून तसाच दुसरा करून पाठवलास, चौकटी मोठ्या केल्यास, आकडे ठळक केलेस. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "हे आमच्या ऑफिसचं नाही."

तो अर्धा तास माझा होता, धाकट्या. तुला तो कधी दिसला नाही, कारण त्यात काहीच घडायचं नाही. साडेआठ ते नऊ बाबा तिथे बसलेले असायचे आणि मी चहा प्यायचे. दिवसभरात मला कोणी हाक मारत नाही असा तेवढाच वेळ.

सोमवारपासून तो गेला. बाबा पडद्यासमोर उभे राहायचे आणि मला हाक मारायचे. "हे कोणी बदललं?" मी जाऊन सांगायचे, धाकट्याने, चांगल्यासाठी. बरं म्हणायचे. मी स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच पुन्हा, "अहो बाई, हे कोणी बदललं?" सोमवार, मंगळवार, बुधवार. दिवसभर. मी जुनी वही दिली, म्हटलं यात लिहा. त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "साहेबांना विचारल्याशिवाय नोंदवही बदलता येत नाही." शेवटी मी ओरडले. इतक्या जोरात की मास्तरीणबाईंनी भिंतीवर टकटक केली.

गुरुवारचं मी तुला फोनवर सांगितलं ते असं : मी आंघोळीला गेले होते, तेवढ्यात बाबा दार उघडून बाहेर पडले. यंत्र बंद पडलंय हे ऑफिसात कळवायला निघाले. चार तासांनी सापडले. आणि मी तुला म्हणाले, "तुझ्या त्या नव्या सिस्टीममुळे झालं हे." मग मला ऐकू आलं की तू रडतोयस. आणि मी तुला रडू दिलं.

चार तासांचं आधी पूर्ण सांगते, कारण तेही मी तुटक सांगितलं होतं. ते पाणीपट्टीच्या ऑफिसात सापडले. बसच्या दोन स्टॉपांएवढं चालत गेले, वाटेत एक चप्पल गेली, कशावर तरी पाय पडून कापला. पत्ता लिहिलेलं कार्ड धुवायला टाकलेल्या शर्टात राहिलं होतं. तिथे खिडकीवर एक कारकून बाई आहेत. बाबा रांगेत नीट उभे राहिले आणि नंबर आल्यावर म्हणाले, "साडेआठचं वाचन द्यायचंय. आमचं यंत्र बंद आहे." त्या बाईंनी पायाचं रक्त बघितलं. काही न विचारता कागद घेतला आणि म्हणाल्या, "सांगा, आजोबा." बाबा म्हणाले, एकवीस पूर्णांक चार. त्यांनी लिहिलं, बाबांना आत नेऊन बसवलं, पायाला स्वतःचा रुमाल बांधला आणि पोलिसांना फोन केला; तिथे मी आधीच कळवून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा बाबा पंख्याखाली बसून पाणी पीत होते. मला बघून उठून उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

आता राहिलेलं.

मी आंघोळीला गेले नव्हते. स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, दाराकडे पाठ करून. चहा नुकताच गाळला होता. बाहेरच्या दाराची कडी वाजली ती मी ऐकली. आपली कडी किती वाजते तुला माहीत आहे. मग जिन्यात त्यांची पावलं ऐकली. चार पायऱ्या, थांबले, पुन्हा चार. उठून हाक मारली असती तर वळणावरच थांबले असते.

मी चहा प्यायले. पूर्ण. गरम होता, म्हणून सावकाश. कप विसळून पालथा घातला. ओटा पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुसला. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते लिहिते, नाहीतर एवढं लिहून उपयोग नाही. घरात आता कोणी नाही, एवढंच होतं. ते हरवतील, पडतील, गाडीखाली येतील, यातलं काही मनात नव्हतं. त्यांचं वाईट व्हावं असंही नव्हतं. नुसतं, कोणी नाही. आणि ते इतकं बरं वाटत होतं की मी खुंटीवरचा टॉवेल काढून त्याची पुन्हा घडी घातली.

दहा मिनिटं असतील, पंधराही असतील. मग टॉवेल तिथेच टाकून मी एकदम धावले, तर जिन्यात कोणी नव्हतं, रस्त्यावरही नव्हतं.

हे तीन आठवडे मी तुझ्यावर ढकललं. तू दर फोनवर ताई माझं चुकलं म्हणतोस, रजेच्या दिवशी बसून तो प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहितोस, आणि वर हे खोकं. मी हूं हूं करते. तू तिथे नीट झोपत नाहीस हे तुझ्या बायकोने मला कळवलं, तेव्हा मला हे गिळवेना. तुझं काही चुकलं नव्हतं. दार तू उघडं टाकलं नव्हतंस, आणि कडी ऐकली ती मी.

आणखी एक. चौकातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंना मी गेल्या शुक्रवारी बोलावलं. नक्कल काढलेली डिस्क त्यांना दिली आणि म्हटलं, होतं तसं करून द्या. त्यांनी तीनदा बजावलं, हे मागे जाणं आहे, सुरक्षित नाही. मी म्हटलं, इंटरनेटची वायर काढून टाका, पण तो निळा पडदा आणा. आणला. सगळं जागच्या जागी. मी बाबांना हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांनी पडदा बराच वेळ बघितला. कीबोर्डवर हात ठेवला, काढला. मग त्या बाईंना म्हणाले, "छान आहे. कोणाचं आहे?"

मला वाटलं, गेलं. मधल्या दिवसांत तुटलं ते तुटलं. पण ते चहा प्यायला आत गेले तेव्हा मी त्या जुन्या नोंदी उघडून बघितल्या. इतक्या वर्षांत कधी बघितल्या नव्हत्या. जूनच्या नऊ तारखेपासून प्रत्येक दिवशी तिन्ही चौकटींत एकच आकडा आहे. एकवीस पूर्णांक चार. भर उकाड्यात, घामाने साडी अंगाला चिकटत होती त्या दिवसांतही एकवीस पूर्णांक चार. पाच महिने ते गॅलरीत जात होते, पाऱ्याकडे बघत होते, परत येऊन तेच लिहीत होते. मी अर्ध्या तासाच्या हव्यासाने कधी त्यांच्या खांद्यावरून डोकावले नाही. म्हणजे तुझ्या हातून काही गेलं नाही, बाळा. ते आधीच गेलं होतं. आपल्या दोघांनाही उशिरा कळलं.

आता मागणं. मी एक जागा बघून आले. मास्तरीणबाईंना बसवून दोनदा गेले, एकदा न कळवता. अठरा म्हातारी माणसं, दिवसाला तीन नर्स, फाटकाला आतून कुलूप. खोल्या स्वच्छ आहेत. जेवणाची वेळ होती, एक नर्स एका आजींना भरवत होती आणि घाई करत नव्हती. तेवढं बघितलं आणि मी नाव लिहून आले. पंधरा डिसेंबरला, सोमवारी, खाट मोकळी होते.

तू म्हणशील, थांब, काहीतरी मार्ग काढू, बाई ठेवू, मी वसंतात महिनाभर येतो. धाकट्या, मी सहा वर्षं थांबले. पुढच्या वेळी कडी वाजेल तेव्हा मी उठेन की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. ज्या माणसाला हे सांगता येत नाही त्याच्या ताब्यात बाबांना ठेवू नये. डॉक्टर काय म्हणतात, लोक काय म्हणतील, ते बाजूला राहू दे. मला माझीच भीती वाटते.

परवानगी मागत नाही. तू नको म्हणालास तरी मी त्यांना नेणार आहे. पण त्या फाटकातून त्यांना आत सोडून मला एकटीने परत फिरणं जमणार नाही. म्हणून तू ये. आदल्या दिवशी, चौदाच्या रविवारपर्यंत पोच. त्यांची बॅग आपण दोघं मिळून भरू.

पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. रागवायचं असेल तर समोर उभं राहून रागव, मी ऐकून घेईन. आणि एवढं वाचूनही तुला म्हणावंसं वाटलं तरच,

तुझी ताई