बंडीच्या पाठीवरचा खिसा

आई, तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्यासाठी मी आजवर एक ओळसुद्धा लिहिली नाही. मामाचं पत्र आलं की मीच तुला वाचून दाखवायचो, आणि त्यातलं वाईट असेल तेवढं गाळून टाकायचो. तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. आज भट्टी विझवली, खव्याची कढई घासून पालथी घातली आणि वही घेऊन देवघरासमोर बसलो आहे. मला भीती वाटते आहे, आणि ती घरात बोलून दाखवली तर घर घाबरेल. भीती झोपेची आहे. अण्णांचं दुखणं माझ्यात उतरलं आहे.

अण्णांच्या घोरण्याला गावात कुणी दुखणं म्हणत नव्हतं. ती गंमत होती. पारावर लोक विचारायचे, तुमची गिरणी रातची बी चालती व्हय, आमचं दळण घिऊन येऊ का? अण्णाही हसायचे. सप्ताहात हातातला टाळ हातातच ठेवून ते बसल्या बसल्या झोपायचे, तेव्हा बुवा म्हणायचे, ह्यांची समाधी लागली. घोरतोय म्हणजे माणूस गाढ झोपलाय, सुखी आहे, असंच सगळे समजत. तू एकटी तसं समजत नव्हतीस. मला अजून दिसतं: अण्णा घोरत आहेत आणि तू निवांत पडली आहेस. मग तो आवाज मधेच तुटतो, आणि तू उठून बसतेस. मी आठ-नऊ वर्षांचा. मी म्हणतो, आई, आत्ता कुठं शांत झालेत, झोपू दे की त्यांना. तू म्हणतेस, "शांत न्हाय झालं ते. दम अडकलाय." आणि खांदा धरून हलवतेस. विहिरीत बुडी मारून वर आलेल्या माणसासारखा अण्णा मोठा श्वास ओढतात, आणि गिरणी पुन्हा सुरू होते.

कुशीवर झोपले की त्यांचा दम कमी अडकतो, हे तुझं तूच हेरलंस. पण झोपेत ते उताणे व्हायचेच. मग एके दिवशी तू त्यांची जुनी बंडी घेतलीस, पाठीच्या मधोमध एक खिसा शिवलास, माझ्या भोवऱ्याची आर उपटलीस आणि भोवरा त्या खिशात घालून वरून तोंड शिवून टाकलंस. मी दोन दिवस रडलो. तू चुलीपुढं भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणालीस, "भवरा दुसरा घिऊ. बाप दुसरा मिळतो व्हय?" अण्णा लोकांना सांगत फिरायचे की आमच्या बाईनं माझ्या पाठीला दगड बांधलाय, सुखानं पाठ टेकू देत न्हाय. पण घालायचे. बंडी फाटली की तू नवी शिवायचीस, भोवरा तोच.

आता माझं सांगतो. वर्षभरापासून मला बसल्या जागी डोळा लागतो. पोथी वाचताना ओळ सुटते. दूध घालायला येणारा गवळी माझ्या बायकोला म्हणायचा, वैनी, मालकालाच कढईत घाला, दुधाच्या आधी पेंगून गोळा हुत्याल. ती हसायची नाही. दोन महिन्यांपूर्वी सकाळी दूध आटून गोळा व्हायला आलं होतं. त्या वेळी हात थांबवून चालत नाही, तुला ठाऊक आहे. उलथनं हातात होतं आणि मी झोपलो. जाग आली ती डावा हात कढईच्या काठाला चिकटला तेव्हा. सगळा खवा करपला होता. धाराशिवच्या डॉक्टरनं मलमपट्टी करताना विचारलं, भाजलं कसं? मी म्हणालो, डोळ्यात धूर गेला. मागून बायको म्हणाली, "खोटं सांगत्यात. झोपले होते."

मग त्यानं माझ्याकडं सोडून तिच्याकडंच सगळं विचारलं. सकाळी डोकं जड असतं का, तोंड कोरडं पडतं का, लघवीला सारखं उठतात का, घोरताना मधेच थांबतात का. शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, म्हणून तर मी त्यांच्या छातीवर हात ठिवून निजते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं. येताना एसटीत विचारलं, तर म्हणाली, आत्यांनी सांगितलं होतं मला, तुम्ही तवा घोरत बी नव्हता. ह्यो बापाच्या वळणावर गेला तर हालवत जा म्हनल्या. आई, तू तिला हे सांगून ठेवलं होतंस आणि मला काही बोलली नाहीस.

सोलापूरच्या दवाखान्यात एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी सकाळी कागद समोर ठेवला आणि समजावून सांगितलं. झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागं जाते आणि वाऱ्याची वाट बुजते. छाती ओढत राहते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, मग तो मोठ्यानं श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. रात्रभर हेच चालतं, म्हणून दिवसा झोप येते, रक्तदाब वाढतो, हृदय दमतं. तासाला माझा श्वास किती वेळा थांबला तो आकडा त्यांनी पेनानं गोल केला. तो मी इथं लिहीत नाही. वजन उतरवा म्हणाल्या, दारूचं विचारलं, ती मी शिवत नाही. पुढं म्हणाल्या, रोज नाकावर मुखवटा लावून यंत्र चालू करून झोपा, त्याच्या वाऱ्यानं घसा उघडा राहतो. मग सहज म्हणाल्या, उताणं झोपू नका, काही लोक बनियनला मागं चेंडू शिवून घेतात.

 मी त्यांना भोवऱ्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुणी शिकवलं होतं त्यांना?"

"कुणी नाही."

"त्यांनी बरोबर ओळखलं होतं."

मी विचारलं, मग त्या बंडीनं माणूस वाचतो का? त्या म्हणाल्या, काहींना तेवढ्यानं गुण येतो, काहींना पुरत नाही. तुमच्या वडिलांचं आता कुणालाच सांगता यायचं नाही.

यंत्र घरी आणलं आणि चार दिवस पेटी उघडली नाही. तो रबरी मुखवटा आठवला की आत्ताच कुणी नाक दाबतंय असं वाटायचं. त्याशिवाय झोपायचं तर अण्णा आठवायचे. देवीचं नाव घेऊन आडवा व्हायचो आणि डोळा लागतोय असं वाटलं की दचकून उठून बसायचो. शेवटी बायकोनं डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, आधी दिवसा लावा, सवय होऊ द्या. काल दुपारी लावला. बायको शेजारी गहू निवडत बसली. थोडा वेळ जीव गुदमरला, मग वारा आपोआप आत जाऊ लागला, आणि मी कधी झोपलो ते कळलं नाही. जाग आली ती खांदा गदागदा हलल्यानं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सुपातले गहू सगळे जमिनीवर.

मी मुखवटा काढून विचारलं, काय झालं?

"आवाज बंद झाला तुमचा," ती म्हणाली.

यंत्र चालू असलं की मी घोरत नाही. हेच तर औषध. पण या घरात आवाज थांबला म्हणजे काय, हे तू तिला शिकवून गेली आहेस. मी पुन्हा लावला, तेव्हा तिनं गहू बाजूला सारले आणि माझी छाती वरखाली होते का ते बघत बसली. मी दोन तास झोपलो. उठलो तेव्हा डोकं इतकं हलकं होतं की मला रडू आलं. आई, अशी झोप अण्णांना जन्मात मिळाली नसेल.

हे सगळं लिहिलं, आणि ज्यासाठी वही घेतली ते अजून राहिलंच आहे. चैत्री पुनवेला तू देवीच्या जत्रेला येरमाळ्याला गेलीस, दुसऱ्या दिवशी चुन्याचे खडे वेचून परत येणार होतीस. मी बावीस वर्षांचा. जाताना उंबऱ्यात थांबून तू म्हणालीस, बंडी घालाया लाव त्यास्नी, आन आवाज थांबला तर हालव. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलत्यानं तुला जीपनं आणलं तेव्हा खडे तुझ्या पदराला तसेच बांधलेले होते. लोक म्हणत होते, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कसला तरास न्हाय. तू कुणाकडं बघितलं नाहीस. मला एवढंच विचारलंस, बंडी घातली हुती का?

मी व्हय म्हणालो.

दिवस झाल्यावर तू त्या बंडीचा खिसा उसवलास आणि भोवरा माझ्या हातात ठेवलास. म्हणालीस, "उगंच छळलं त्यांना इतकी वर्सं. कशाचा उपेग न्हाय झाला." त्यानंतर सहा वर्षं जगलीस, ते मनात धरूनच. भोवरा आणि ते चुन्याचे खडे देवघरात आहेत. ही वहीही तिथंच ठेवीन, कुणाला दाखवणार नाही.

त्या रात्री उकडत होतं, आई. अण्णा म्हणाले, आज तुझी आई न्हाय, मला मोकळं निजू दे. मी हसलो. मग आवाज थांबला, आणि मला बरं वाटलं, मी कूस बदलून झोपलो. बंडी खुंटीलाच होती.