मारबतीसोबत गेलेले हजेरीपट

तळेगाव (श्यामजी पंत),
४ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाली,
काकाचे आशीर्वाद.

वर्ध्याची नोकरी मानवली असेल. इकडे सोयाबीन पिवळं पडलं आहे, काकूचे गुडघे तसेच. आपल्या मजूर संस्थेला कालव्याचं आणखी एक सरकारी काम मिळालं. यंदा पोळ्याला मी भाषण केलं नाही, म्हणून लोक तब्येत विचारून गेले.

तब्येत चांगली आहे.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची इडापिडा न्यायला निघालेली मारबत तुला आठवत असेल. हजेरीपट आणि पगारपत्रकांचे जुने गठ्ठे मी बैलगाडीत भरले. ते जपून ठेवायची करारातली मुदत संपली होती. "मजुराला कागदाला बांधणारी गुलामी घेऊन जा गे मारबत!" म्हणून मी गरजलो आणि शिवेवर तिच्या पुतळ्यासोबत सगळं पेटवलं. टाळ्या थांबेनात. तू तेवढी माझा हात धरून म्हणालीस, "काका, ते मुदत सरकारच्या तपासणीची हाय. माणसाले म्हातारं व्हाले त्याहून जास्त वेळ लागते." मी हसलो. पुढच्या महिन्यात तू संस्थेतलं हिशेबनिसाचं काम सोडलंस.

यंदा जुलैत आपल्या संस्थेची जुनी मजूर रुख्माबाई आली. दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही, आणि तिची दोन वर्षं भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दिसत नाहीत. कालव्याच्या कामावर ती होती, हे सांगणारा कागद एकच, आपला हजेरीपट. मी तिच्यासोबत कार्यालयात गेलो आणि पट गहाळ झाले असं सांगितलं.

एवढंच सांगितलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. साहेबांनी विचारलं, गहाळ कसे झाले? मी म्हणालो, आमची हिशेबनीस निष्काळजी होती, म्हणून तिला काढलं.

तुझ्या कानावर ते आलंच असेल. त्याच आठवड्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस.

रुख्माबाई शेजारच्याच खुर्चीवर होती. एसटीत बसल्यावर म्हणाली, "भाऊ, टाळ्या म्या बी वाजवल्या होत्या. पण पोरीचं नाव काऊन घेतलं?"

ठेकेदार मजुराचा घाम चोरतो, हे मी शंभर सभांत सांगितलं. मी तर तिने घाम गाळल्याचा पुरावाच जाळला, आणि राख तुझ्या पदरात टाकली.

काल पुन्हा गेलो. पट मीच जाळले, वर्षालीने अडवलं होतं, असं लिहून सही केली. रुख्माबाईसोबत काम केलेल्या तिघींचे जबाब जोडले. साहेब म्हणाले, बघू. तिची दहा वर्षं भरतील की नाही, कोणी सांगू शकत नाही. येत्या आमसभेत तोच कागद वाचून दाखवीन. भाषण करणार नाही.

त्याची एक प्रत या पाकिटात आहे. सांभाळून ठेव. किती वर्षं, ती मुदत आता तू ठरव.

तुझं नाव पुढे करणारा,
मोतीलाल